व्हॅम्पायरला निदान नियम तरी असतात

आपल्या हॉस्टेलवर व्हॅम्पायर या विषयाची जितकी पक्की माहिती आहे, तितकी थर्मोडायनॅमिक्सची असती तर कुणालाही केटी लागली नसती! रात्री दोन वाजता कुठल्याही विंगमध्ये जा. एखाद्या रूममध्ये लॅपटॉपभोवती सहा-सात डोकी जमलेली असतात आणि चर्चा रंगलेली असते. व्हॅम्पायर उन्हात जळतो, त्याला लसूण सोसत नाही, आरशात तो दिसत नाही, घरच्यांनी 'या' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडू शकत नाही, वगैरे. मग कुणीतरी म्हणतो की 'ट्वायलाइट'मधले तर उन्हात नुसते चमकतात. त्यावर दुसरा खवळतो, "ते व्हॅम्पायर नव्हेतच, तो पोरींचा सिनेमा!" आणि पहाटेपर्यंत वाद.

या वादात मीही हिरिरीने भाग घेतो. पण मी तलासरीकडचा आहे आणि त्यामुळे या विषयावर मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. ते असं, की व्हॅम्पायर हा प्राणी मला फार सज्जन वाटतो. कारण त्याला नियम आहेत.

थोडं बारकाईने बघू. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली आली. त्यातला काउंट दिवसासुद्धा लंडनमध्ये हिंडतो, फक्त दिवसा त्याच्या शक्ती चालत नाहीत. उन्हाने व्हॅम्पायर नष्ट होतो ही कल्पना रूढ झाली ती १९२२ सालच्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटानंतर. २००५ साली 'ट्वायलाइट' कादंबरी आली आणि ऊन पुन्हा निरुपद्रवी झालं. म्हणजे प्रत्येक लेखक आपापल्या सोयीने नियम बदलतो. पण कुठलाही लेखक नियम काढून टाकत नाही. ताकदीची यादी दिली की दुर्बलतेची यादी द्यावीच लागते, नाहीतर गोष्ट पुढे सरकत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हॅम्पायर हे स्पेसिफिकेशन शीटसकट येणारं भूत आहे.

याचा एक मोठा फायदा असा, की त्या काल्पनिक जगात एखाद्या निरपराध माणसावर व्हॅम्पायर असल्याचा आळ आला तर त्याला सुटता येतं. दुपारी बारा वाजता ग्राउंडवर उभं राहायचं, आरशात बघून भांग पाडायचा, आपल्या मेसची लसणाची चटणी दोन चमचे खाऊन दाखवायची. संपला विषय. सगळ्यांसमोर निर्दोष!

आपली मराठी भुतंसुद्धा या बाबतीत बरी. हडळीचे पाय उलटे असतात, तेव्हा पाय बघितले की कळतं. मुंजा आपला पिंपळ सोडून फारसा लांब जात नाही. वेताळ तर बिचारा राजा विक्रमाला कोडी घालतो आणि उत्तर मिळालं की झाडावर परत जाऊन लटकतो. (रिचर्ड बर्टनने १८७० साली या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा पुस्तकाच्या नावात वेताळाला 'व्हॅम्पायर' करून टाकलं. आपला वेताळ रक्तबिक्त पीत नाही हे त्याने लक्षात घेतलं नाही.)

आता आमच्याकडे येऊ. डहाणू आणि तलासरी हे तालुके २०१४ च्या ऑगस्टपर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहेत. बाहेरच्या लोकांना डहाणू म्हणजे चिकू, समुद्रकिनारा आणि वारली चित्रं एवढंच माहीत असतं. पण आमच्या पाड्यांवर एक शब्द असा आहे की तो हळू आवाजातच बोलतात. तो शब्द म्हणजे भुताळी. सातपुड्यात, नंदुरबारकडे तिलाच डाकीण म्हणतात.

भुताळी ही मेलेली नसते, ती जिवंत बाई असते. ती तुमच्या शेजारी राहते, तुमच्याबरोबर भात लावायला येते, लग्नात नाचते. समजूत अशी की ती नजरेने किंवा मंत्राने माणसाचा जीव आतून खाते. पोर वाळत चाललं, गाय दूध देईना, जवान माणूस दोन दिवसांच्या तापात गेला, की शंका येते. मग भगताकडे जायचं. भगत तांदळाचे दाणे बघतो आणि सांगतो. कधी नाव घेतो, कधी नुसती दिशा दाखवतो. आणि त्या दिशेला बहुतेक वेळा एखादी विधवा, एकटी, मूलबाळ नसलेली बाई राहत असते. कधीकधी तिच्या नावावर थोडी जमीनही असते.

माझ्या लहानपणी शेजारच्या पाड्यावर अशी एक म्हातारी होती. आम्हाला ताकीद होती की तिने हाक मारली तर ओ द्यायची नाही. तिने कुणाला काय केलं हे कुणीच सांगत नसे. एका पावसाळ्यात तिच्या शेजारचं पोर आजारी पडलं आणि त्यानंतर ती तिथे दिसली नाही. माहेरी गेली म्हणे. सत्तर वर्षांच्या बाईचं माहेर! माझी आजी एवढंच म्हणाली, "तिनं काय करावं बाबा? नाही म्हटलं तरी भुताळी, हो म्हटलं तरी भुताळी."

आजी शाळेत गेली नव्हती, पण तिने मुद्द्यावर बरोबर बोट ठेवलं होतं. भुताळीला स्पेसिफिकेशन शीट नाही. तिच्या शक्तींची यादी लांबलचक आहे, पण दुर्बलतेची यादीच नाही. ती उन्हात हिंडते, लसूण खाते, आरशात दिसते, पाय सरळ असतात. ती चांगलं वागली तर 'वरवर गोड आहे', रागावली तर 'बघा, खरं रूप बाहेर आलं'. पोर बरं झालं तर भगताचा उतारा लागू पडला, मेलं तर भुताळी भारी निघाली. सांगा, त्या बाईने काय करून दाखवलं म्हणजे ती सुटेल? काहीच नाही. ज्या टेस्टचा रिझल्ट कधीच निगेटिव्ह येऊ शकत नाही त्या टेस्टला आपण लॅबमध्ये काय म्हणतो? मीटर बिघडला आहे म्हणतो. इथे बिघडलेल्या मीटरवर माणसाचा जीव टांगलेला असतो.

हे वाचून काहींच्या ओठांवर हसू आलं असेल. "तुमच्याकडे अजून हे चालतं का रे?" हा प्रश्न मला फर्स्ट इयरपासून ऐकायची सवय आहे. तर मंडळी, ज्यांच्याकडून आपण व्हॅम्पायर उसना आणला त्यांच्याकडेही नेमकं हेच चालत होतं. अठराव्या शतकात सर्बियाच्या भागात गावात साथ आली की लोक नुकतीच पुरलेली प्रेतं उकरत. प्रेत फुगलेलं दिसे, तोंडाशी रक्तासारखं काही दिसे, की ठरलं, हाच रक्त पितो. मग छातीत खुंटी ठोकायची आणि जाळायचं. वास्तविक प्रेत कुजताना आत वायू तयार होतात, त्याने पोट फुगतं आणि आतला द्रव तोंडावाटे बाहेर ढकलला जातो. १७३२ साली ऑस्ट्रियाच्या लष्करी डॉक्टरांनी अशा उकरलेल्या प्रेतांचा अधिकृत अहवाल लिहिला आणि तोही व्हॅम्पायरच्या बाजूने! शेवटी १७५५ साली सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपले वैद्य गेरार्ड फान स्वीटन यांच्या सल्ल्यावरून प्रेतं उकरण्या-जाळण्यावर बंदी घातली.

ते फार जुनं वाटत असेल तर अमेरिका घ्या. ऱ्होड आयलंड राज्यात एक्झेटर नावाचं गाव आहे. तिथल्या ब्राऊन कुटुंबात आई गेली, मोठी मुलगी गेली, मग १८९२ च्या जानेवारीत १९ वर्षांची मर्सी गेली आणि भाऊ एडविन अंथरुणाला खिळला. गावकऱ्यांनी ठरवलं की गेलेल्यांपैकी कुणीतरी एडविनचा जीव शोषतंय. मार्चमध्ये थडगी उघडली. आई आणि बहिणीचे सांगाडे झाले होते, मर्सी मात्र जवळजवळ तशीच होती. असणारच, ऐन थंडीतले दोनच महिने झाले होते! तिच्या फुफ्फुसात क्षयाच्या खुणा आहेत असं हजर असलेल्या डॉक्टरांनी सांगितलं. तरीही तिचं काळीज जाळून त्याची राख पाण्यातून एडविनला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला.

आता तारखा जुळवा. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं ते २४ मार्च १८८२ रोजी. म्हणजे कारण कळून दहा वर्षं उलटली होती, पण ते कारण एक्झेटरच्या घराघरात पोचलं नव्हतं. तेव्हा 'आदिवासी अडाणी आणि गोरे शहाणे' हा हिशेब इथेच मिटवून टाकू. डोळ्यांदेखत माणूस खंगतो आणि कारण सांगणारं कुणी नसतं, तेव्हा जगात सगळीकडे माणसं शेजाऱ्याकडे किंवा थडग्याकडे बघतात.

आणि आमच्या भागात खरोखर रक्त खाणारं काही नाही असंही नाही. त्याचं नाव आहे सिकलसेल. आमच्या आदिवासी समाजात हा आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं. चूक एवढीशी, पण परिणाम भयंकर. ऑक्सिजन कमी झाला की गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि लवकर मरते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत संपते. जन्मतःच बाळ ठीक दिसतं, कारण त्याच्या अंगात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. काही महिन्यांनी ते ओसरतं आणि मग पोर पांढरं पडतं, डोळे पिवळे होतात, हातपाय सुजतात, वेदनेने किंचाळतं. चांगलं धडधाकट पोर अचानक वाळायला लागलं! आता तुम्हीच सांगा, ज्याला रक्तातली ही भानगड माहीत नाही त्याने याला 'कुणीतरी रक्त पितंय' म्हटलं तर निरीक्षणात काय चुकलं? निरीक्षण बरोबर आहे. आरोपी चुकला आहे.

आई-बाप दोघेही सिकलसेलचे वाहक असले तर प्रत्येक खेपेला मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. दोघंही वरून ठणठणीत असतात, म्हणून एकाच घरातली दोन पोरं अशी आजारी पडली की शंका आणखी घट्ट होते. आणि यावर टेस्ट काय? बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, सोल्युबिलिटी टेस्ट करायची, काही मिनिटांत द्रावण गढूळ होतं किंवा होत नाही. गढूळ झालं तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीवर खात्री करायची. या टेस्टची मला आवडणारी गोष्ट म्हणजे ती निगेटिव्हसुद्धा येते. तिला 'नाही' म्हणता येतं. दाण्यांना ते येत नाही.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केलं, २०४७ चं लक्ष्य ठेवून. आजार मुळापासून बरा करणं अजून सर्वांच्या आवाक्यात नाही, पण हायड्रॉक्सीयुरियासारख्या गोळ्यांनी वेदनेचे झटके कमी होतात आणि आयुष्य वाढतं. अर्थात गोळी मिळायला आधी पोर दवाखान्यात यायला हवं. भगताच्या अंगणात गेलेले पंधरा दिवस परत मिळत नाहीत.

माझा राग भगतावर नाही. भगताला झाडपाल्याची माहिती असते आणि तो रात्री दोन वाजता उठून येतो. बाकी कोण येतं? माझं म्हणणं इतकंच की त्याने काढा द्यावा, उतारा करावा, पण नाव घेऊ नये. आणि हे आता फक्त माझं म्हणणं नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असं भासवून तिचं जगणं मुश्किल करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. मारिया थेरेसाच्या हुकुमासारखंच याचंही डोकं सरळ आहे. भूत आहे की नाही या वादात तो पडत नाही, माणसाच्या अंगाला हात लावू नका म्हणतो.

"हे सगळं पाड्यावरचं झालं, आम्ही तर शिकलेले" असं म्हणणाऱ्यांसाठी पुढचा भाग. १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊनचे दिवस. मुंबईहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, अशा तिघांना डहाणू तालुक्यात गडचिंचले येथे जमावाने ठार मारलं. पोलीस हजर असताना. त्या दिवसांत आमच्या भागात चोर, पोरं पळवणारे, किडन्या काढणारे रात्री फिरतात अशा अफवांनी कहर केला होता. लोक काठ्या घेऊन पहारे देत होते. त्याच्या एक-दोन दिवस आधी मदतवाटप करून परतणाऱ्या डॉक्टरांच्या पथकावरही हल्ला झाला होता. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून मारलं गेलं.

नीट बघा, रात्री येऊन शरीरातलं काहीतरी काढून नेणारा अनोळखी माणूस. दात आणि काळा झगा काढला तर हा व्हॅम्पायरच आहे. फक्त याला नियम नाहीत. तो कुठल्याही वेशात येतो, कुठल्याही गाडीतून येतो. साधू दिसला तर 'वेश घेतलाय', डॉक्टर दिसला तर 'किडनीवालाच'. ओळखपत्र दाखवलं तर खोटं, पळाला तर चोर, थांबला तर साथीदार येताहेत. त्या तिघांनी काय करून दाखवलं असतं म्हणजे ते सुटले असते?

आणि या अफवा भगताने दाणे टाकून पसरवल्या नव्हत्या. असली अफवा मोबाइलवरून येते. 'सावधान, आपल्या भागात टोळी आली आहे, जास्तीत जास्त शेअर करा' हा मेसेज आपल्या हॉस्टेलच्या ग्रुपवरही येऊन गेला आहे आणि पाच मिनिटांत पुढे गेला आहे. व्हॅम्पायर आरशात दिसतो का यावर तीन तास डोकं लावणारी माणसं असला मेसेज फॉरवर्ड करताना तीन सेकंदही थांबत नाहीत, याची मला गंमत वाटत नाही.

जाता जाता माझ्या तलासरीबद्दल अजून एक. लोक आम्हाला भित्रे, भुताखेतांत रमलेले समजतात म्हणून सांगतो. खरे रक्त पिणारे आमच्याकडे पूर्वी होते, त्यांना सावकार आणि जमीनदार म्हणत. वेठबिगार होती. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही त्याच्या दारात राबत, त्याला लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी तलासरी तालुक्यातल्या झरी गावी हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. तिथे कुणी उतारा मागितला नाही. मागणी होती वेठ बंद आणि दिवसाला १२ आणे मजुरी. मोजता येईल, दिली की नाही हे तपासता येईल अशी मागणी! त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली, तरी लोक हटले नाहीत. गोदावरीबाईंनी ही हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे, लायब्ररीत मिळाली तर जरूर वाचा. सांगायचा मुद्दा हा की ज्या माणसांनी खरा शोषणारा अचूक ओळखला, त्यांना आकलन कमी आहे असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही. त्यांच्यापर्यंत सिकलसेलची टेस्ट उशिरा पोचली, एवढंच.

असो. नुसतं मत मांडून मोकळं होणं बरं नाही म्हणून दोन सूचना करतो. पहिली एनएसएसच्या सरांना. आपण दरवर्षी खेड्यात शिबिर नेतो आणि अंधश्रद्धेवर पथनाट्य करतो. त्यात भगताचं सोंग काढून सगळे हसतात. पाहणाऱ्यांमध्ये माझे काका-मामा बसलेले असतात हो. एखाद्या वर्षी ते नाटक राहू द्या. शिबिर डहाणू-तलासरीकडे न्या, आरोग्य खात्याबरोबर सिकलसेल तपासणीला हात लावा, कार्डं भरा आणि पॉझिटिव्ह आलेल्या पोरांना डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात पोचवेपर्यंत पाठपुरावा करा. गावातल्या भगतालाही बोलवा, त्याला द्रावण गढूळ होताना दाखवा. राहायची सोय माझ्या घरी, भात आणि सुक्या मासळीची आमटी नक्की.

दुसरी सूचना आपल्या सगळ्यांना. कुणाबद्दलही 'तो तसलाच आहे' असं ऐकलं, मग ती पाड्यावरची म्हातारी असो, रस्त्यावरचा फकीर असो की आपल्याच विंगमधला घुम्या पोरगा असो, तर एकच प्रश्न विचारा. तो तसा नाही हे कशाने सिद्ध होईल? उत्तर मिळालं तर जरूर तपासा. उत्तरच नसेल तर तो मेसेज तिथेच डिलीट करा.

व्हॅम्पायरचा वाद मात्र चालू राहू दे. आज रात्री आमच्या रूमवर 'नोस्फेरातू' आहे, शेव-फरसाण घेऊन या.